विश्लेषण : आठ ‘सर’, नाव मात्र एकच! ‘जे. जे.’ म्हणजे नेमके कोण आणि त्यांची पदवी वारसाला कशी मिळते?

घाटकोपरहून धीमी लोकल पकडायची आणि भायखळ्याला किंवा सँडहर्स्ट रोडला उतरायचं, की ‘जे. जे.’ जवळच. उपनगरात राहणाऱ्यांना सायन, केईएम आणि जे. जे. ही तीन नावं पाठ असतात. कधी ना कधी घरातल्या कुणासाठी तरी तिथे रांगेत उभं राहावंच लागतं. तसंच पुढे सीएसएमटीपर्यंत गेलात तर स्टेशनसमोरच जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. रस्त्याने आलात तर जे. जे. फ्लायओव्हर लागतो. या पुलाचं अधिकृत नाव कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा.

जे. जे. म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय, इतकं बहुतेकांना माहीत असतं. गोंधळ सुरू होतो तो नाव सर्च केल्यावर. या नावाची एक नाही, तब्बल आठ माणसं सापडतात. एक १७८३ साली जन्मलेला, एक १९१३ साली, एक १९५७ साली. सगळे सर आणि सगळे जमशेटजी जीजीभॉय. एखाद्या डेटाबेसमध्ये असं दिसलं असतं तर आम्ही डुप्लिकेट एंट्री म्हणून सात नावं उडवली असती. इथे मात्र ही चूक नाही. हे मुद्दाम, कायदा करून घडवलेलं आहे. तो कायदा समजून घेण्यासाठी पहिल्या जमशेटजींपासूनच सुरुवात करावी लागेल.

बाटलीवाल्यांचा जावई

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ चा. घराणं मूळचं गुजरातमधलं, कापडाच्या व्यवसायातलं आणि परिस्थितीने बेताचं. लहानपण नवसारीत गेलं. शिक्षण म्हणाल तर गुजराती लिहिणं-वाचणं आणि हिशेब. इंग्रजी पुढे कामापुरतं आलं. १७९९ साली आई आणि वडील दोघंही गेले आणि सोळा वर्षांचा हा मुलगा मुंबईत मामांकडे आला. मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांचा धंदा आडनावातच आहे, रिकाम्या बाटल्यांची खरेदी-विक्री.

आज बाटल्या म्हटलं की आपल्याला एलबीएस मार्गावरची भंगाराची दुकानं आठवतात. तेव्हा काच विलायतेहून यायची, त्यामुळे रिकामी बाटलीही चांगल्या किमतीला जायची. गोऱ्यांच्या घरातून आणि जहाजांवरून निघालेल्या बाटल्या गोळा करून पुन्हा विकणं हा मुंबईतल्या पारशांचा रुळलेला व्यवसाय होता. जमशेटजींनाही काही काळ लोक बाटलीवाला म्हणूनच ओळखत. १८०३ साली त्यांचं लग्न मामांच्या मुलीशी, अवाबाईंशी झालं. हे नाव लक्षात ठेवा, माहीमच्या खाडीवर ते पुन्हा येणार आहे.

मूळ नाव जमशेद. गुजराती व्यापाऱ्यांच्या जगात वावरायचं म्हणून त्यांनी ते जमशेटजी असं करून घेतलं. म्हणजे या घराण्यात सोयीसाठी नाव बदलण्याची सुरुवात पहिल्याच पुरुषापासून झाली.

फ्रेंचांची कैद आणि एक डॉक्टर

त्या काळी मुंबईच्या व्यापाऱ्याला झटपट वर यायचं असेल तर एकच रस्ता होता, चीन. इथला कापूस कँटनला न्यायचा आणि तिथला चहा, रेशीम, साखर असा माल परत आणायचा. जमशेटजींनी १८०० च्या आसपास पहिली सफर केली. १८०७ पर्यंत अशा पाच सफरी झाल्या, आणि त्यातली चौथी सफर त्यांचं आयुष्य बदलून गेली.

१८०५ साली ते ब्रन्सविक नावाच्या जहाजावर होते. युरोपात नेपोलियनशी युद्ध पेटलेलं आणि त्याच्या झळा हिंदी महासागरापर्यंत आलेल्या. जुलै महिन्यात श्रीलंकेजवळ फ्रेंच ॲडमिरल लिन्वाच्या युद्धनौकांनी ब्रन्सविक पकडलं आणि कैद्यांसकट आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपकडे नेलं. माल गेला. जहाजही तिथे किनाऱ्यावर आदळून निकामी झालं. जमशेटजी दुसऱ्या जहाजाने कसेबसे कलकत्त्याला आणि तिथून मुंबईला पोहोचले.

या कैदेत त्यांच्याबरोबर जहाजाचा डॉक्टरही होता, विल्यम जार्डिन. दोघंही एकविशी-बाविशीतले. कंपनीच्या जहाजावरच्या अधिकाऱ्यांना स्वतःचा थोडा माल नेण्याची मुभा असे, त्यामुळे हा स्कॉटिश डॉक्टर तेव्हाच अर्धा व्यापारी झालेला होता. केपला जुळलेली ही ओळख पुढे आयुष्यभर टिकली. जार्डिनने १८३२ साली जेम्स मॅथिसनबरोबर कँटनमध्ये जार्डिन मॅथिसन अँड कंपनी काढली. ही कंपनी आजही हाँगकाँगमधल्या मोठ्या उद्योगसमूहांपैकी एक आहे. आणि मुंबईत तिचा सगळ्यात भरवशाचा माणूस कोण, तर जमशेटजी.

पैसा आला कुठून?

इथे थोडं थांबायला हवं. शाळेच्या पुस्तकात जमशेटजी दानशूर म्हणून येतात, चीनशी व्यापार करत असं एक वाक्य येतं आणि पान उलटतं. त्या व्यापारात कापूस होताच, पण मोठा नफा अफूत होता.

गणित साधं आहे. इंग्लंडला चिनी चहाचं व्यसन लागलेलं. चीनला मात्र इंग्रजांचा माल फारसा नको होता, चांदी हवी होती. ही चांदी वाचवायला ईस्ट इंडिया कंपनीने अफू शोधली. बंगाल-बिहारची अफू कंपनी स्वतः पिकवून घ्यायची आणि कलकत्त्यात लिलाव करायची. चीनमध्ये अफूला बंदी होती म्हणून कंपनी ती आपल्या जहाजांतून नेत नसे. खासगी व्यापारी नेत. कंपनीचे हात वरून स्वच्छ.

पश्चिमेकडे माळव्यात वेगळीच अफू पिकायची. हा मुलूख होळकर-शिंद्यांचा, इंदूर-उज्जैनच्या आसपासचा. तिथे कंपनीचा मक्ता चालत नव्हता. तिने ही अफू अडवून पाहिली, सगळी विकत घेऊन पाहिली, काही जमलं नाही. माल वाट वाकडी करून पोर्तुगिजांच्या दमणला पोहोचायचा आणि तिथून चीनला जायचा. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने हार मानली, परवाना-शुल्क लावलं आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाऊ दिली. मुंबईच्या व्यापाऱ्यांना लॉटरीच लागली.

जमशेटजींची भागीदारी या धंद्याला अगदी फिट बसणारी होती. मोतीचंद अमीचंद हे जैन व्यापारी, त्यांचे संबंध माळव्याच्या सावकारांपर्यंत. मोहम्मद अली रोगे कोकणी मुसलमान, जहाजवाहतुकीतले. गोव्याचे रोजेरिओ द फारिया, त्यांची ऊठबस पोर्तुगीज दमण आणि मकावमध्ये. आणि कँटनमध्ये माल घ्यायला जार्डिन. १८१४ साली जमशेटजींनी गुड सक्सेस नावाचं जहाज घेतलं, पुढे ताफा वाढत गेला. पन्नाशीला येईपर्यंत ते मुंबईतल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक होते.

१८३९ साली चिनी अधिकारी लिन झेशू याने कँटनमधल्या परदेशी व्यापाऱ्यांकडून २०,२८३ पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. त्यात मुंबईकरांचाही माल होता. ब्रिटनने युद्ध पुकारलं. १८४२ च्या ऑगस्टमध्ये नानकिंगचा तह झाला, हाँगकाँग ब्रिटिशांना मिळालं आणि चीनला अफूचीही भरपाई द्यावी लागली. त्याच १८४२ साली राणी व्हिक्टोरियाने जमशेटजींना नाइट केलं. सर ही पदवी मिळालेले ते पहिले भारतीय. या दोन घटनांचा थेट संबंध जोडायची गरज नाही, पण दोन्हींचं साल एक आहे हे विसरायचीही गरज नाही.

तेव्हाच्या कंपनीच्या कायद्यात हा व्यापार वैध होता, हा बचाव नेहमी केला जातो. तो खराच आहे. पण चीनच्या कायद्यात तो अवैध होता आणि हे जमशेटजींना, जार्डिनला, कंपनीला, सगळ्यांना पक्कं माहीत होतं. माझं मत विचाराल तर रुग्णालय बांधलं म्हणून अफू पुसली जात नाही, आणि अफू विकली म्हणून रुग्णालयात बरी झालेली माणसंही खोटी ठरत नाहीत. दोन्ही खाती एकाच माणसाच्या नावावर आहेत.

माहीमची खाडी, पुण्याचा बंड, ठाकूरद्वारची कुरणं

आता दुसरं खातं. १८३८ साली इंग्रजांनी मुंबईत गुरं चारायला कर बसवला. गरिबांची गुरं जप्त व्हायला लागली. तेव्हा जमशेटजींनी २० हजार रुपयांना ठाकूरद्वारजवळ कुरण विकत घेऊन चराईसाठी मोकळं केलं आणि त्यावरूनच चर्नी रोड हे नाव पडलं, असं सांगितलं जातं. (चर्नीच्या नावाच्या आणखीही कथा आहेत.) १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या हुकमावरून शहरात पारशांनी दंगा केला. दोन वर्षांनी जमशेटजी आणि त्यांचे भागीदार अमीचंद यांनी मोकाट जनावरांसाठी भुलेश्वरला पांजरापोळ काढली. चेंबूर-घाटकोपरकरांना हा शब्द फ्रीवेच्या बोगद्यामुळे ओळखीचा आहे, त्याचा अर्थ हा.

माहीम आणि वांद्रे यांच्यात तेव्हा खाडी होती आणि होडीशिवाय इलाज नव्हता. सरकार पूल बांधायला पैसे काढेना. अवाबाईंनी, म्हणजे लेडी जमशेटजींनी, स्वतःचे १ लाख ५७ हजार रुपये दिले. अट एकच, टोल घ्यायचा नाही. १८४५ साली माहीम कॉजवे सुरू झाला आणि दादर-माहीमचा लेडी जमशेटजी रोड याच बाईंच्या नावाने आहे. आपल्या बाजूला, म्हणजे सायन-कुर्ल्याकडे, गव्हर्नर डंकनने चाळीस वर्षं आधीच बांध घातलेला होता. त्यामुळे घाटकोपरकडच्या माणसाला गाडीवाट होती आणि वांद्रेकराला नव्हती, अशी आजच्या उलट परिस्थिती. आणि टोल? त्यावर मुलुंड-ऐरोलीच्या वाचकांना आम्ही काय वेगळं सांगणार!

रुग्णालयाची पायाभरणी ३ जानेवारी १८४३ ला झाली आणि मे १८४५ मध्ये ते ग्रँट मेडिकल कॉलेजसह सुरू झालं. लाखाच्या घरातली मोठी रक्कम जमशेटजींची, बाकीचा वाटा कंपनी सरकारचा. एतद्देशीय गरिबांना पाश्चात्त्य पद्धतीचे उपचार मिळावेत आणि इथल्या मुलांना डॉक्टर होता यावं, हा हेतू. डॉ. भाऊ दाजी लाड याच कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. पुण्यात मुळा-मुठेवर बंधारा बांधला गेला त्यातही सुमारे पावणेदोन लाख जमशेटजींचे. बंड गार्डन हे नाव त्या बंधाऱ्यावरूनच आलं. १८४९ साली पारशी मुलांच्या शाळांसाठी संस्था निघाली. कलाशाळेसाठी त्यांनी १ लाख रुपये देऊ केले आणि मार्च १८५७ मध्ये वर्ग भरू लागले. दादासाहेब फाळके इथेच शिकले. याच आवारात शिक्षक लॉकवूड किपलिंग यांच्या घरी रुडयार्डचा जन्म झाला.

रेल्वेतही ते होतेच. नाना शंकरशेट यांच्याबरोबर त्यांनी १८४५ साली रेल्वेसाठी संस्था उभारली आणि जीआयपी रेल्वेच्या संचालकांमध्ये हे दोघंच भारतीय होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी ज्या मार्गाने धावली त्याच मार्गावर आपण आज सकाळी लटकतो. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली तेव्हा नाना अध्यक्ष आणि जमशेटजी मानद अध्यक्ष होते.

त्यांच्या एकूण देणग्यांचा पुढच्या काळात लोकांनी केलेला हिशेब २ लाख ३० हजार पौंडांच्या पुढे जातो. तेव्हाच्या साधारण दहा रुपयाला एक पौंड या दराने २३ लाख रुपये.

बॅरोनेट म्हणजे काय? लॉर्ड आणि सर यात फरक काय?

इंग्लंडच्या उमराव घराण्यांची उतरंड अशी : ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. हे पाच म्हणजे पीअर, यांना पूर्वी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये वंशपरंपरेने जागा असे. त्यांच्या खाली बॅरोनेट. तो लॉर्ड नाही, त्याला सभागृहात जागा नाही, पण नावाआधी सर लागतं. नाइटलाही सर लागतं, मग फरक काय? नाइटचं सर त्याच्याबरोबर संपतं. बॅरोनेटचं सर मोठ्या मुलाकडे जातं, मग त्याच्या मोठ्या मुलाकडे. मुलगा नसेल तर भाऊ, पुतण्या किंवा चुलत शाखेतला पुरुष. मुलीला नाही. कुणीच पुरुष वारस उरला नाही तर पदवी संपते.

ही पदवी जन्मली पैशाच्या गरजेतून. १६११ साली राजा पहिला जेम्स याला आयर्लंडमधल्या अल्स्टरसाठी फौज हवी होती, तिजोरी रिकामी होती. त्याने ठरवलं की जो जमीनदार ३० सैनिकांचा तीन वर्षांचा खर्च देईल त्याला बॅरोनेट करायचं. सैनिकाला दिवसाला ८ पेन्स. ३० गुणिले ८ गुणिले ३६५ गुणिले ३ म्हणजे २,६२,८०० पेन्स. तेव्हा २४० पेन्सचा एक पौंड, म्हणजे बरोबर १,०९५ पौंड. इतकं नेमकं रेटकार्ड असलेली दुसरी खानदानी पदवी शोधून सापडणार नाही.

जमशेटजींच्या वेळेपर्यंत हे रेटकार्ड अर्थातच गेलेलं होतं. ६ ऑगस्ट १८५७ या तारखेने त्यांना बॅरोनेट करण्यात आलं, हा मानही भारतीयाला पहिल्यांदाच मिळाला. उत्तरेत उठाव पेटलेला होता, दिल्ली अजून बंडवाल्यांच्या हातात होती आणि मुंबईतले धनिक इंग्रजांच्या बाजूने होते. अशा वेळी एका हिंदी माणसाच्या घराण्याला कायमचं आपल्या उतरंडीत घेणं ब्रिटिशांना सोयीचंच होतं.

मग चिन्ह आलं. लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सने घराण्याला ढाल दिली. तिच्यावर मुंबईजवळच्या घाटांमागून उगवणारा सूर्य आहे, वर मधमाश्या आहेत आणि ब्रीद आहे उद्योग व औदार्य या अर्थाचं. सिंह-गरुडांच्या गर्दीत आपला सह्याद्री. घाटकोपरचं नावही घाटाच्या कोपऱ्यावरून आलं असं म्हणतात, तेव्हा हा घाट आपल्याला परका नाही.

सगळ्यांचं नाव एकच का?

इंग्लंडमध्ये पदवीबरोबर जमीनजुमलाही थोरल्याकडे जायचा. सर आहे पण खिसा रिकामा आहे, अशी वेळ येऊ नये ही त्यामागची काळजी. मुंबईच्या पारशी घरात संपत्ती सगळ्या मुलांत वाटली जायची. दोन पिढ्यांत वाटण्या होऊन बॅरोनेटकडे फक्त नावापुढचं सर उरलं असतं.

जमशेटजी १४ एप्रिल १८५९ ला वारले. पुढच्याच वर्षी, १८६० साली, कलकत्त्याच्या विधान परिषदेने या एका कुटुंबासाठी स्वतंत्र कायदा केला. वर्षाला १ लाख रुपये व्याज देणारे सरकारी रोखे आणि माझगाव कॅसल नावाचा वाडा पदवीला कायमचा बांधून टाकला. ही मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात, उत्पन्न त्या वेळच्या बॅरोनेटला. ती विकायची नाही, वाटायची नाही.

आणि त्यातच ती अट : जो कुणी गादीवर येईल त्याने आपलं नाव सोडून जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचं. थोरले चिरंजीव खरशेटजी हे जमशेटजी झाले. मग माणेकजी जमशेटजी झाले. ते १८९८ साली गेले, भाऊ कावसजी आले, तेही जमशेटजी झाले. कावसजींनंतर रुस्तमजी, मग पुन्हा एक कावसजी. १९६८ साली सहावे बॅरोनेट गेले तेव्हा पदवी चुलत शाखेकडे वळली आणि त्यांनीही आपलं नाव उतरवून ठेवलं. प्रोग्रॅमिंगमध्ये नाव हे व्हेरिएबल असतं, इथे ते कॉन्स्टंट आहे. माणूस बदलतो.

ही व्यवस्था त्या काळात उपयोगी पडली हेही खरं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि १८६५ साली कापसाचे भाव कोसळले तेव्हा प्रेमचंद रायचंद यांच्यासकट मुंबईतली कितीतरी मोठी नावं बुडाली. कायद्याने बांधलेले रोखे कुणाला सट्ट्यात लावता आले नाहीत. मात्र व्याजाचा आकडा ठरलेला आणि महागाई चढती, हे गणित पुढच्या शंभर वर्षांत कुठे जातं ते एफडीवर घर चालवणाऱ्या कुठल्याही ज्येष्ठ नागरिकाला विचारा.

पेटिट विरुद्ध जीजीभॉय

या एकसारख्या नावांची सगळ्यात मोठी गंमत न्यायालयात झाली. रतनजी दादाभॉय टाटा यांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी लग्न केलं. तिने झरतुष्ट्री धर्म स्वीकारला. हे जोडपं म्हणजे जेआरडी टाटांचे आई-वडील. प्रश्न असा उभा राहिला की धर्म स्वीकारला म्हणून ती पारशी झाली का, तिला अग्यारीत आणि दोखम्यात जागा आहे का? पंचायतीच्या विश्वस्तांनी नाही म्हटलं आणि काही पारशी पुढाऱ्यांनी १९०६ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला.

वादींमध्ये पहिलं नाव सर दिनशॉ माणेकजी पेटिट, बॅरोनेट. प्रतिवादी विश्वस्तांमध्ये पहिलं नाव सर जमशेटजी जीजीभॉय, बॅरोनेट. मुंबईतलं दुसरं पारशी बॅरोनेट घराणं पहिल्या घराण्याविरुद्ध. पेटिटांकडेही नाव बदलण्याची हीच रीत, म्हणजे दोन्ही बाजूंना आजोबांची नावं भांडत होती. निकाल १९०८ साली न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी दिला. धर्मात बाहेरच्यांना येता येतं, पण आलेल्याला पारशी समाजाच्या न्यासांचे हक्क मिळत नाहीत. पारशी बापाची आणि परक्या आईची मुलं मात्र धर्म पाळत असतील तर पारशीच. पारशी कोण या वादात आजही हा निकाल काढला जातो. आणि त्याच १९०८ साली चौथे बॅरोनेट वारले, पाचवे आले. नाव अर्थातच तेच.

या वादातले पेटिट म्हणजे दुसरे बॅरोनेट, रतनबाईंचे वडील. त्यांच्या मनाविरुद्ध रतनबाईंनी १९१८ साली बॅरिस्टर जीनांशी लग्न केलं.

आणखी कोण होते?

मुंबईत ही यादी छोटी आहे, पण प्रत्येक नाव तुम्ही रस्त्यावर किंवा पाटीवर वाचलेलं असणार. पेटिट १८९० साली बॅरोनेट झाले. त्याच वर्षी ससून डॉकवाले अल्बर्ट ससून. १९०८ साली जहांगीर घराणं, ज्यांच्या देणगीतून पुढे १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. १९१० साली करीमभॉय इब्राहिम, १९११ साली ससून डेव्हिड. पारशी, ज्यू, खोजा. हिंदू त्यात एकच, १९१३ सालचे चिनुभाई माधवलाल रणछोडलाल, तेही अहमदाबादचे गिरणीमालक. मराठी आडनाव एकही नाही. नाना शंकरशेटांसारखा माणूस या यादीत नाही हे लक्षात येतं.

बॅरोनेटच्या वरची, म्हणजे खरीखुरी लॉर्डची वंशपरंपरागत पदवी एकाच भारतीयाला मिळाली. १९१९ साली बंगालचे सत्येंद्र प्रसन्न सिन्हा रायपूरचे बॅरन झाले. हे रायपूर छत्तीसगडचं नाही, बीरभूमचं.

ब्रिटनमध्येही आता नवे बॅरोनेट होत नाहीत. शेवटची पदवी १९९० साली मार्गारेट थॅचर यांचे पती डेनिस यांना देण्यात आली.

आज या पदवीचं काय?

राज्यघटनेचं कलम १८ सांगतं की सैनिकी किंवा विद्याविषयक सन्मान सोडून राज्य कुणालाही किताब देणार नाही आणि भारताच्या नागरिकाने परदेशी राज्याकडून किताब घ्यायचा नाही. नवी बॅरोनेटसी त्यामुळे शक्यच नाही. जुनी पदवी ब्रिटिश राजाच्या १८५७ च्या सनदेतून चालत आलेली आहे, ती ब्रिटिश व्यवस्थेत वारसाहक्काने पुढे सरकते. इथल्या कायद्याच्या लेखी तिचा धारक इतर कुणाहीसारखा नागरिक. सातवे जमशेटजी २००६ साली गेले आणि त्यांच्यानंतर आठवे आले.

रुग्णालय आता महाराष्ट्र सरकारचं आहे, ग्रँट शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सर ज. जी. समूह रुग्णालये या नावाने. कलाशाळा आणि तिच्या भावंडसंस्था यांना मिळून २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. किताब बंद केलेल्या राज्याच्या स्वतःच्या केसपेपरवर आणि गुणपत्रिकेवर सर हा शब्द छापला जातो, तो पहिल्या जमशेटजींचा. भायखळ्याला उतरणाऱ्यांसाठी एवढंच : पश्चिमेला बाहेर पडा, पत्ता विचारताना जे. जे. म्हणा, पूर्ण नाव सांगितलंत तर वेळ जाईल.